मळवलीचा जर्मन छापखानदार

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही इतिहासाचे व्यासंगी नव्हे. बी. ए. ला इतिहास हा विषय होता, एवढीच आमची त्या क्षेत्रातील पुंजी. पुढचे सारे आयुष्य केंद्र सरकारच्या महसूल खात्यात गेले, आणि त्या नोकरीत बाहेर जाणाऱ्या मालाची नोंद घ्यावी लागते, माल तयार करणाऱ्या माणसांची नव्हे. परंतु त्याच सुमारास एक क्षुल्लक प्रसंग घडला आणि आम्हांस विषय मिळाला.

आमच्या शेजारच्या काकूंच्या देवघरातील लक्ष्मीच्या तसबिरीला पावसाळ्यात ओल लागली होती. काकूंचे यजमान जामुलच्या सिमेंट कारखान्याच्या आरंभीच्या दिवसांत साताऱ्याकडून येथे आले. येताना त्यांनी एक ट्रंक, एक वळकटी आणि ही तसबीर एवढेच सामान आणले होते. काकूंनी तसबीर आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "भाऊ, नवरात्राच्या आत एवढी नवी चौकट करून आणा." आम्ही ती पॉवर हाऊसच्या बाजारातील चौकटवाल्याकडे नेली. त्याने जुनी चौकट सोडविली, चित्र उजेडात धरले आणि खालच्या कडेवर बोट ठेवून विचारले, "साहब, ये नीचे की पट्टी काट दूँ? फ्रेम में ठीक बैठ जाएगा." त्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरे होती. चष्मा पुसून वाचली, तो ती अशी : रविवर्मा प्रेस, मळवली, लोणावळा.

राजा रविवर्मा हे नाव कोणास ठाऊक नाही? कमळावर उभी असलेली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती ही रूपे आपल्या मनात इतकी रुजली आहेत, की डोळे मिटून देवीचे स्मरण केले तरी रविवर्म्याचीच देवी समोर उभी राहते. परंतु ज्या छापखान्याने ती देवी साताऱ्याच्या वाड्यात आणि तेथून जामुलच्या क्वार्टरमध्ये पोहोचविली, त्या छापखान्याचा मालक तीसाहून अधिक वर्षे एक जर्मन गृहस्थ होता, हे आपल्यापैकी कितीजणांस माहीत असेल? त्याचे नाव फ्रिट्झ श्लायखर. या परमुलखातून आलेल्या व्यावसायिकाची हकीकत येथे सांगावी, असे आम्ही योजिले आहे. आपणही आपला मुलूख सोडून पोटासाठी येथे आलेली माणसे आहोत. त्यामुळे ही हकीकत आपल्याला परकी वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

या कथेचा आरंभ मात्र एका मराठी माणसापासून होतो, आणि तोही मुलखाबाहेरचा मराठी माणूस. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणम् येथे, तंजावरकडील मराठी घराण्यात झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. किळिमानूरच्या रविवर्म्याची चित्रकला त्यांनी जवळून पाहिली होती. त्याच्या चित्रांना मागणी इतकी होती, की एका माणसाच्या दोन हातांनी ती पुरी होणे अशक्य होते. १८८४ साली माधवरावांनी त्याला पत्र लिहून सुचविले, की आपली काही निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढवाव्यात. रविवर्म्याला ही कल्पना पटली. परंतु चित्रे विलायतेस धाडण्याऐवजी छापखानाच येथे आणावा, असे त्याने पुढे ठरविले.

देवादिकांची चित्रे छापण्याचा उद्योग आपल्याकडे अगदीच नवा होता, असे मात्र नव्हे. गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पुस्तके आणि पंचांग छापले होते. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली चित्रशाळा निघाली आणि तिची रंगीत चित्रे घरोघर गेली. रविवर्म्याला मात्र तैलचित्राचा भास होईल अशी छपाई हवी होती. कागदावर रंगांचे थर चढवून, वर रोगण देऊन आणि कॅनव्हासची वीण उमटवून ही चित्रे तयार करीत. त्यांना ओलिओग्राफ म्हणत. त्यासाठी जर्मनीहून यंत्रे आणविली, आणि ती चालविण्यासाठी जर्मन कारागीर नेमले. त्यांतलाच एक श्लायखर. १८९४ साली गोवर्धनदास खटाव मखनजी यांच्या भागीदारीत गिरगावात हा छापखाना सुरू झाला आणि 'शकुंतलाजन्म' हे पहिले चित्र बाहेर पडले.

छापखाना निघाला खरा, पण त्याचा काळ बरा नव्हता. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगने ठाण मांडले. लोक घरे सोडून पळाले आणि कामगार मिळेनासे झाले. त्यातच दुष्काळाची वर्षे आली. ज्याच्या घरात दाणा नाही, तो भिंतीसाठी चित्र कोठून घेणार? भागीदारी मोडली आणि कर्ज वाढत गेले. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. ज्यांनी मुंबई-पुणे लोहमार्गाने प्रवास केला आहे, त्यांना हे छोटे स्टेशन आठवेल. एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची, आणि मागे लोहगड व विसापूर हे जोडकिल्ले. हवा निरोगी, पाणी मुबलक आणि रेल्वे दाराशी. तरीही जमाखर्चाची तोंडमिळवणी होईना. रविवर्मा हा थोर चित्रकार, त्याचा धाकटा बंधू सी. राजराजवर्मा हाही चित्रकारच. दोघांचे मन रंगात, वहीखात्यात नव्हे. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन-तीन वर्षांत रविवर्म्याने छापखाना आपल्या जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. बऱ्याच चित्रांच्या हक्कांसह ही किंमत पंचवीस हजार रुपये झाली, असे सांगितले जाते.

अशा रीतीने काल जो पगारी कारागीर होता, तो आज मालक झाला. मावळातील एका लहानशा स्टेशनाजवळ, सह्याद्रीच्या पावसात, ज्या देवदेवता त्याच्या धर्मातल्या नव्हत्या त्यांची चित्रे छापून विकण्याचा धंदा त्याने पत्करला.

हा धंदा कसा होता, हे जामुलकरांना समजावून देणे सोपे आहे. कारण त्याचाही पाया चुनखडीवर आहे. आपल्या कारखान्यात चुनखडी भाजून दळतात आणि तिचे सिमेंट होते. नंदिनीच्या खाणीतली चुनखडी भिलाईच्या झोतभट्टीत जाते आणि लोखंडातील मळ वेगळा करते. बव्हेरियातील झोल्नहोफेन येथील चुनखडीचा गुण वेगळा. तिचा पोत इतका बारीक आणि सारखा असतो, की घासून गुळगुळीत केलेल्या लादीवर केसासारखी रेघ काढता येते. आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ साली याच दगडावर छपाई करण्याची युक्ती शोधून काढली. लादीवर तेलकट खडूने किंवा शाईने उलटे चित्र काढावयाचे, मग तीवर डिंक आणि सौम्य तेजाबाचे पाणी फिरवावयाचे. त्यानंतर दगड ओला केला, की मोकळा भाग पाणी धरतो आणि तेलकट रेघ पाणी झिडकारते. वरून शाईचा रूळ फिरविला, की शाई फक्त रेघेलाच चिकटते. तेल आणि पाणी यांचे वैर, एवढ्यावर सारी विद्या उभी आहे.

रंगीत चित्राचे काम याहून कितीतरी कठीण. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागतो. लक्ष्मीच्या साडीचा गुलाबी एका दगडावर, तिच्या कांतीचा पिवळसर दुसऱ्यावर, पाण्याचा निळा तिसऱ्यावर, आणि त्यांच्या सावल्यांसाठी आणखी दगड. एकच कागद या सर्व दगडांवरून एकामागून एक फिरवावा लागे, आणि प्रत्येक वेळी तो नेमक्या त्याच जागी बसावा लागे. तो किंचित सरकला, तर देवीचे ओठ गालावर जात. मूळ चित्र पाहून त्यातले रंग मनात वेगळे करावयाचे आणि एकेक रंग उलटा दगडावर उतरवावयाचा, हे काम वर्षानुवर्षे हात घासल्याशिवाय जमत नाही. या कारागिरांची नावे चित्रावर कधी आली नाहीत. आमच्या खात्यात सिमेंटच्या पोत्यांची मोजदाद करताना भट्टीवरच्या माणसाचे नाव आम्हीही कधी लिहिले नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

श्लायखरने धंदा वर काढला तो दोन-तीन साध्या गोष्टींच्या बळावर. भारी किमतीच्या ओलिओग्राफांवरच छापखाना जगणार नाही, हे त्याने ओळखले. म्हणून त्याने स्वस्त चित्रे काढली. रविवर्म्याच्या चित्रांबरोबर इतर चित्रकारांचीही चित्रे घेतली. कोल्हापुरात जन्मलेले आणि मुंबईच्या कलाशाळेत नावारूपास आलेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीही या छापखान्यासाठी चित्रे केली. शिवाय त्याने व्यापारी कामे धरली. मालावर चिकटवावयाची रंगीत लेबले, जाहिराती, दिनदर्शिका, जे पडेल ते. पूर्वी व्यापारी लोक दिनदर्शिका फुकट वाटीत. वर्ष सरले, की तारखांचे कागद फाडून टाकीत, आणि वरची देवी चौकटीत जाऊन देवघरात बसे. जाहिरातीतून आलेला देव नैवेद्याला पात्र ठरे. कित्येक गृहिणी तर छापील देवीला जरीची साडी नेसवीत, टिकल्या आणि मणी शिवून दागिने घालीत. कारखान्यातून एकसारख्या निघालेल्या हजार लक्ष्म्यांपैकी प्रत्येक लक्ष्मी अशा रीतीने त्या त्या घरची होऊन जाई.

येथे आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या काळी देवळाचे दार सर्वांना उघडे नव्हते. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह करावा लागला. ज्यांना गाभारा दुरूनही पाहू देत नव्हते, त्यांना काही पैशांत तोच देव बाजारात मिळू लागला आणि स्वतःच्या भिंतीवर लावता येऊ लागला. विकणाऱ्याने त्यांची जात विचारली नाही. श्लायखरने हे समाजसुधारणेच्या हेतूने केले, असे आम्ही म्हणत नाही. त्याने माल विकला. परंतु व्यापाराने कधीकधी उपदेशाहून अधिक काम होते, ते असे.

मळवलीच्या छापखान्याचा एक धागा आपल्या चित्रपटसृष्टीशीही जुळतो. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके पुराणवस्तू खात्यातील नोकरी सोडल्यावर लोणावळ्यास राहून या छापखान्यासाठी शिळाछपाईचे काम करीत होते. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी व ती विद्या शिकण्यासाठी ते जर्मनीस गेले. जर्मन माणूस मावळात आला आणि मावळात काम शिकलेला मराठी माणूस जर्मनीस गेला. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, तेव्हा प्रेक्षकांना देव आणि राजे कसे दिसतात हे आधीच ठाऊक होते. भिंतीवरच्या छापील चित्रांनी त्यांना ते शिकविले होते.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले आणि हिंदुस्थानातील प्रत्येक जर्मन सरकारच्या दृष्टीने शत्रू ठरला. मिशनरी, व्यापारी, कारागीर अशा अनेकांना धरून अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. जर्मनीहून येणारा माल बंद झाला. ज्या धंद्याची यंत्रे, दगड आणि मालक तिन्ही जर्मन, त्याच्या दृष्टीने याहून वाईट काळ कोणता असावा? तरीही हा छापखाना टिकला, आणि युद्धानंतरही त्याची चित्रे निघत राहिली.

या सर्व वर्षांत छापखान्यावर नाव राहिले ते रविवर्म्याचेच. श्लायखरने आपल्या नावाची पाटी लावली नाही. काही जण म्हणतील, यात कसला आला मोठेपणा? रविवर्म्याच्या नावावर माल खपत होता, श्लायखर छापून काय उपयोग? हे खरे आहे. बाजाराची रीत त्याला चांगली कळत होती. परंतु नाव न बदलण्याचे कारण केवळ हिशेबी असले, तरी त्याचा परिणाम हिशेबापलीकडचा झाला. परक्याने विकत घेतलेला छापखाना लोकांना परका वाटला नाही. त्याने आपले नाव मागे ठेवले आणि त्याचे काम घरोघर पुढे गेले. १९३५ साली श्लायखर निवर्तला. त्याच्यानंतरही त्याच्या वारसदारांच्या काळात छापखाना चालूच होता. अखेर १९७२ साली आग लागली आणि मळवलीचा कारखाना जळून गेला. त्याबरोबर रविवर्म्याच्या चित्रांचे कितीतरी जुने छाप नष्ट झाले. उरले ते लोकांच्या भिंतींवर होते तेवढेच.

कलासमीक्षकांनी या छापील चित्रांना फारसे बरे म्हटलेले नाही. आनंद कुमारस्वामी यांनी तर रविवर्म्याच्या कलेवरच कठोर टीका केली होती. स्वस्त छपाईने लोकांची अभिरुची बिघडली, देवांना नाटकातील पात्रांचे रूप आले, हा आक्षेप जुनाच आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. श्लायखरच्या काळात काही चित्रे उतरत्या दर्जाची निघाली, हेही मान्य केले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच, की अभिरुचीचा निवाडा करणाऱ्यांच्या घरी मूळ तैलचित्रे विकत घेण्याची ऐपत होती. साताऱ्याहून ट्रंक घेऊन निघालेल्या नोकरदाराजवळ ती नव्हती. त्याला गावाकडचा देव बरोबर न्यावयाचा होता. त्याची सोय मळवलीच्या दगडांनी केली.

आता आपल्याविषयी दोन शब्द. या छत्तीसगडात आपण पहिले मराठी नव्हे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपूरला राहून येथला कारभार पाहत होते. पुढे १९०० साली पेंड्रा येथून माधवराव सप्रे यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढले. घरची भाषा मराठी असूनही त्यांनी ते हिंदीतून काढले. कारण ज्या लोकांत राहावयाचे, त्यांच्या उपयोगी पडावे, ही त्यांची वृत्ती होती. आज हिंदीच्या इतिहासात सप्र्यांना मानाचे स्थान आहे, आणि ते मराठी होते याची आठवण पुष्कळांना करून द्यावी लागते. याच प्रदेशात १८६८ साली जर्मनीत जन्मलेला ऑस्कर लोर अमेरिकेमार्गे आला आणि त्याने बिश्रामपूर वसविले. भिलाईचा पोलाद कारखाना तर सोव्हिएत तंत्रज्ञांच्या साहाय्याने उभा राहिला. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. ते तंत्रज्ञ आपापल्या देशी परतले, त्यांची नावे आपल्या मुलांना ठाऊक नाहीत, पण भट्टी चालू आहे.

परगावी राहणाऱ्या माणसाच्या मनात एक शल्य असते. आपण येथे आयुष्य वेचले, पण आपले नाव येथे राहणार नाही, आणि गावाकडे तर ते केव्हाच पुसले गेले, असे त्याला वाटते. निवृत्ती जवळ आली, की हा विचार अधिक छळतो. आम्हीही त्यास अपवाद नाही. मळवलीच्या त्या छापखानदाराची हकीकत वाचताना आमच्या मनाला थोडी शांती लाभली, ती यामुळेच. परमुलखात माणसाचे नाव रुजेलच असे नाही, पण काम रुजते. जामुलच्या सिमेंटने कोठे शाळा उभी राहिली, कोठे पूल झाला, त्यावर कोणाही देशपांड्यांचे वा जाधवांचे नाव नाही. म्हणून ते देशपांडे आणि जाधव येथे उपरे ठरत नाहीत.

तथापि नाव राहत नाही, म्हणून ते आपणच कापून टाकावे, असे मात्र नव्हे. आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके केली, हळदीकुंकवे केली. ती ज्यांनी केली, त्यांच्यापैकी कित्येकजण आज हयात नाहीत. खुर्च्या मांडणारे, पडदा ओढणारे, वर्गणीसाठी दारोदार फिरणारे, त्यांची नावे अजून आपल्यातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहेत. ती आजच लिहून ठेवली पाहिजेत. आणखी पन्नास वर्षांनी ती सांगणारे कोणी असणार नाही. या स्मरणिकेकडून आमची एवढीच अपेक्षा आहे.

चौकटवाल्याला आम्ही पट्टी कापू दिली नाही. "चौकट दोन बोटे मोठी कर, पण अक्षरे राहू दे," असे सांगितले. त्यासाठी त्याने थोडे अधिक पैसे घेतले, ते आम्ही आनंदाने दिले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तसबीर काकूंच्या हाती दिली आणि श्लायखरची गोष्ट त्यांना थोडक्यात सांगितली. काकूंनी चष्मा लावून ती अक्षरे बराच वेळ पाहिली. मग नेहमीप्रमाणे देवीला हळदकुंकू लावले, आणि किंचित थांबून एक अक्षत खालच्या पट्टीवरही वाहिली.

"परक्या मुलखात राहून त्याने आपल्या देवीचं काम केलं," त्या म्हणाल्या, "मग तो परका कसला?"